मन जुळले आहे, ओढ मात्र वाटत नाही

प्रश्न : मी 29 वर्षांची, मूळची सांगलीची, सध्या पुण्यात नोकरी करते. वर्षभरापूर्वी ट्रेकिंगच्या एका गटात माझी एका मुलाशी ओळख झाली. तो 31 वर्षांचा आहे, अभियंता आहे आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना तबला शिकवतो. त्याच्याशी बोलताना मला कसलाही आव आणावा लागत नाही. बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी तो न सांगता डबा घेऊन आला आणि ‘आईंना माझी ओळख काय करून देशील?’ असे म्हणून खाली औषधांच्या दुकानाबाहेर बसून राहिला. गेल्या महिन्यात त्याने मला विचारले. मी विचार करायला वेळ मागून घेतला आहे. खरे कारण सांगायची लाज वाटते : तो मला दिसायला आवडत नाही. माझ्यापेक्षा जेमतेम इंचभर उंच, सावळा, थोडे पोट सुटलेले, कपाळावरचे केस विरळ. मैत्रिणीच्या लग्नातला आम्हा दोघांचा फोटो मी स्टेटसला ठेवायला घेतला आणि ठेवलाच नाही. तो तबला वाजवतो तेव्हा मात्र मी बघत राहते. दोन वर्षांपूर्वी डेटिंग ॲपवर भेटलेल्या एका मुलासाठी मी वेडी झाले होते. तो देखणा होता, त्याचा मेसेज आला की छातीत धडधडायचे. पण तो चार-चार दिवस गायब व्हायचा आणि शेवटी कायमचाच गायब झाला. आई स्थळे बघते आहे. याच्याविषयी तिला अर्धवट सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘रूप काय चाटायचे आहे?’ मैत्रीण म्हणते, जिथे स्पार्क नाही तिथे थांबू नकोस. मी उथळ आहे का? केवळ स्वभाव पाहून होकार द्यावा का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर आधी देते, कारण तो प्रश्न मनात सलत असताना पुढचे काही नीट वाचून होणार नाही. तुम्ही उथळ नाही. ज्या माणसाबरोबर आयुष्य काढायचा विचार करायचा, त्याच्या जवळ जावेसे वाटावे, त्याचा हात हातात असावासा वाटावा, ही अपेक्षा रास्त आहे आणि ती मुलींनाही असते. आपल्याकडे मुलाने ‘मुलगी मनात भरली नाही’ एवढे म्हटले की विषय तिथेच संपतो आणि मध्यस्थ दुसरे स्थळ काढतो; मुलीने तेच म्हटले, तर तिला समजवायला दहा जणी बसतात. तुम्हाला वाटणाऱ्या लाजेचा बराचसा भाग या दुजाभावातून आलेला आहे, आणि तेवढा तरी तुम्ही आजच बाजूला ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

तुमच्या आईंच्या बोलण्यामागे अनुभव आहे, हे मी नाकारत नाही. देखणेपण ओसरते आणि स्वभावाशी रोज गाठ असते, हे त्यांनी पाहिलेले आहे. पण त्या पिढीच्या संसारांतून काढलेला हा धडा अर्धाच आहे. कांदेपोह्यांच्या अर्ध्या तासात एकमेकांकडे धड न पाहताच ज्यांची लग्ने ठरली आणि पुढे ज्यांचा एकमेकांवर जीव जडला, त्यांची उदाहरणे घरोघरी सांगितली जातात. ज्यांचा कधीच जडला नाही, त्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांनीही कोणाला सांगितले नाही. या सदराकडे साठी ओलांडलेल्या स्त्रियांचीही पत्रे येतात. नवरा निर्व्यसनी होता, त्याने कधी हात उगारला नाही, मुलांची शिक्षणे नीट केली, अशी सुरुवात करून मग त्या लिहितात की रात्री तो झोपेपर्यंत स्वयंपाकघरातली आवराआवर त्या मुद्दाम लांबवत राहिल्या, आणि हे वर्षानुवर्षे चालले. त्या नवऱ्यांना यातले काहीच कळत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. केवळ चांगुलपणाच्या जोरावर दिलेला होकार दोघांनाही असा महागात पडू शकतो, म्हणून आईंचे म्हणणे तुम्ही तेवढ्यावरच मान्य करू नये.

मैत्रिणीचा सल्लाही मी तसाच्या तसा स्वीकारणार नाही, आणि त्याची कारणे थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहेत.

पहिल्या भेटीत रूपाचा प्रभाव मोठा असतो, यात शंका नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात इलेन वॉल्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांसाठी नृत्याची एक संध्याकाळ आयोजित केली होती. त्या प्रयोगाचा अहवाल 1966 मध्ये प्रसिद्ध झाला. संगणक तुम्हाला शोभेलसा जोडीदार निवडून देणार आहे, असे विद्यार्थ्यांना सांगितले होते, प्रत्यक्षात मात्र 376 जोड्या जवळजवळ चिठ्ठ्या टाकाव्यात तशा लावल्या होत्या. संशोधकांकडे या मुलामुलींच्या बुद्धिमत्तेच्या आणि स्वभावाच्या चाचण्यांचे गुण होते, आणि ती तिकिटे घेत असतानाच त्यांच्या रूपालाही गुपचूप गुण देऊन ठेवले होते. मध्यंतरात प्रत्येकाला विचारले की जोडीदार किती आवडला आणि त्याला पुन्हा भेटायला आवडेल का. बाकीच्या गुणांचा काहीही उपयोग झाला नाही. जोडीदार दिसायला जितका चांगला, तितकी त्याला पुन्हा भेटण्याची इच्छा जास्त, एवढाच संबंध हाती लागला. या प्रयोगाचा दाखला देऊन ‘शेवटी रूपच खरे’ असे म्हणणारे लोक हे विसरतात की ती ओळख काही तासांची होती, आणि तीही गर्दीत, गाण्याच्या आवाजात. स्वभाव दिसायला तिथे वावच नव्हता. डेटिंग ॲपवरची निवड तर त्याहूनही कमी वेळात होते. तुमची मैत्रीण ज्याला स्पार्क म्हणते, तो अशा पहिल्या संध्याकाळचा निकष आहे, आणि तुम्ही या मुलाला वर्षभर ओळखता.

ओळख जुनी होत जाते तशी नजर बदलते, आणि हेही तपासून पाहिले गेले आहे. पिट्सबर्ग विद्यापीठातील रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात साधारण सारख्याच दिसणाऱ्या चार तरुणींना एका मोठ्या वर्गाच्या विद्यार्थिनी म्हणून पाठवले. एक कधीच वर्गात गेली नाही, दुसरी 5 वेळा, तिसरी 10 वेळा आणि चौथी 15 वेळा गेली. कोणाशीही बोलायचे नाही, एवढीच त्यांना अट होती. सत्र संपताना वर्गातल्या विद्यार्थ्यांना चौघींचे फोटो दाखवले, तेव्हा जी जितक्या जास्त वेळा येऊन गेली होती, ती त्यांना तितकी अधिक आकर्षक वाटली. नुसत्या नजरेच्या सवयीने एवढा फरक पडत असेल, तर सोबत काम केल्याने किती पडेल, याचे उत्तर केव्हिन निफिन आणि डेव्हिड स्लोन विल्सन यांच्या 2004 मधील अभ्यासात मिळते. पुरातत्त्वाच्या उन्हाळी उत्खननासाठी एकत्र आलेल्या विद्यार्थ्यांकडून त्यांनी एकमेकांच्या रूपाविषयीचे मत पहिल्या दिवशी आणि सहा आठवड्यांच्या अखेरीस असे दोनदा घेतले. शेवटच्या मतांवर, कोण कामसू निघाला आणि कोण सगळ्यांच्या पसंतीस उतरला, याचा स्पष्ट परिणाम दिसला. प्रश्न दोन्ही वेळा रूपाचाच होता. उत्तर मात्र बदलले होते. उन्हात, धुळीत, दमलेल्या अवस्थेत माणूस कसा वागतो हे पाहिल्यावर त्याचा चेहराही वेगळा दिसू लागतो, आणि गड चढून गेलेल्या तुमच्यासारख्या मुलीला हे समजावून सांगायची गरज पडू नये.

याच दिशेचा आणखी एक अभ्यास 2015 चा आहे. लुसी हंट, पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी 167 जोडप्यांतील प्रत्येकाच्या रूपाला परक्या निरीक्षकांकडून गुण देववले. ओळख होताच ज्यांचे नाते जुळले होते, त्या जोडप्यांमध्ये दोघांचे रूप बरेचसे तोलामोलाचे निघाले. आधी बराच काळ ओळख किंवा मैत्री होती आणि मग नाते जुळले, तिथे हा तोल पुष्कळ सैल झाला होता. ही जोडपी कमी सुखी होती, असेही आढळले नाही. मैत्रीतून नाते जुळणे हा तर अपवादही नाही : कॅनडा आणि अमेरिकेतील सुमारे 1,900 लोकांच्या माहितीवर आधारलेल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅनू स्टिन्सन यांच्या अभ्यासात जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी आपले आताचे किंवा पूर्वीचे नाते मैत्रीतून सुरू झाल्याचे सांगितले.

हे सगळे अभ्यास परदेशातले आणि सरासरीचे आहेत. तुमच्या बाबतीत असेच होईल, अशी हमी त्यांतून मिळत नाही, आणि तशी हमी मी देणारही नाही. सहवासाने गोडी वाढते हे खरे असले, तरी ते जे मुळात नकोसे नाही त्याच्याविषयी खरे आहे. ज्याची मनात अढी आहे, त्याच्या सहवासाने अढीच घट्ट होते. त्यामुळे ‘तो दिसायला आवडत नाही’ या तुमच्या वाक्यात नेमके काय दडले आहे, ते पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला पाहता येणार नाही.

त्यासाठी चेहरा डोळ्यांसमोर आणून त्याला गुण देत बसू नका. एक साधा प्रसंग आठवा. ट्रेकहून परतताना रात्रीच्या गाडीत तो शेजारी बसला आहे, वळणावर त्याचा खांदा तुमच्या खांद्याला लागला आहे. अशा वेळी तुम्ही अंग चोरून खिडकीकडे सरकता, की तुमचे तिकडे लक्षही जात नाही, की गाडी सरळ रस्त्याला लागल्यावरही थोडा वेळ तसेच राहावेसे वाटते? तुम्ही अंग चोरत असाल, त्याच्या घामाचा, श्वासाचा, जवळ येण्याचा त्रास होत असेल, तर पुढचे वाचायचीही गरज नाही. तुमचे उत्तर नकाराचे आहे आणि त्याच्या कितीही चांगुलपणाने ते बदलेल असे मी मानत नाही. लक्षच जात नसेल, तर तिथे जागा रिकामी आहे आणि ती भरू शकते, किंवा तशीच राहूही शकते. आणि थोडा वेळ तसेच राहावेसे वाटत असेल, तर ओढ तुम्हाला वाटतेच आहे. फक्त तिचे रूप तुमच्या ओळखीचे नाही.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, जे तुम्ही फोटोची हकिकत आणि त्या गायब झालेल्या मुलाची हकिकत यांच्या मध्ये सहज टाकून पुढे गेला आहात : तो तबला वाजवतो तेव्हा तुम्ही बघत राहता. ऐकत राहता, असे तुम्ही लिहिलेले नाही. हातोडी घेऊन तबला सुरात लावताना एका बाजूला कललेली मान, वाजवताना घट्ट होणारे मनगट, समेवर येताना वर उचललेला चेहरा, यातले काहीतरी तुमच्या नजरेला धरून ठेवते. ते मनगट आणि तो चेहरा त्याच्या शरीराचेच भाग आहेत. मग ज्याच्याकडे तुम्ही बघत राहता आणि ज्याचा फोटो तुम्ही ठेवू शकला नाहीत, तो माणूस एकच असताना, तुमची नजर दोन वेळा दोन प्रकारची का होती, याचा शोध तुम्ही घ्यायला हवा.

माझे मत असे आहे की तबला ऐकताना तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होता आणि फोटो निवडताना इतरांच्या. स्टेटस पाहणाऱ्या मैत्रिणी, सांगलीच्या मावश्या, कार्यालयातले सहकारी, आणि कदाचित तो गायब झालेला मुलगाही, यांच्या नजरेने तुम्ही त्याला पाहिले आणि तो तुम्हाला कमी पडला. हे कबूल करणे क्लेशाचे असले, तरी फार उपयोगाचे आहे, कारण शरीराला एखादा माणूस नको असणे आणि चार लोकांत त्याच्यामुळे मान खाली जाईल अशी भीती वाटणे, या दोन गोष्टी आतून सारख्याच भासतात. पहिलीचे म्हणणे तुम्ही निमूटपणे ऐकावे. दुसरीला निर्णयात मत देऊ नये. लग्नानंतर महिनाभर लोक जोडा कसा दिसतो ते बोलतील. त्यानंतर प्रत्येक जण आपापल्या कामाला लागेल आणि घरात तुम्ही दोघेच उराल.

याच संदर्भात त्याच्या ‘सावळेपणा’चा उल्लेख मला थोडा टोचला, हे स्पष्टपणे लिहिते. उंची, केस, पोट यांच्या यादीत तुम्ही रंगही सहज घातला आहे. रंगाची आवड जन्मजात असते, असे आपण बोलतो खरे. पण ‘गोरी, सडपातळ, सुस्वरूप’ असे छापत आलेल्या वधू-वर जाहिराती आणि घराघरातल्या बायकांनी बाळाचा रंग पाहून केलेली चर्चा ऐकत आपण मोठे झालो आहोत. शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगानुसार स्थळे निवडण्याची सोय 2020 च्या जूनमध्ये, लोकांनी आक्षेप घेतल्यावर काढून टाकली. ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाच्या नावातून ‘फेअर’ हा शब्दही त्याच वर्षी गेला. आपल्या नजरेतून तो इतक्या लवकर गेलेला नसणार. त्यासाठी तुम्ही स्वतःला अपराधी समजू नका, पण निवड करताना हा शिकवलेला भाग कोणता आणि आपला स्वतःचा कोणता, एवढे वेगळे करून पाहणे त्या मुलाशी न्यायाने वागण्यासाठी आवश्यक आहे.

आता त्या देखण्या मुलाविषयी, कारण तो अजूनही तुमच्या मोजमापात बसलेला आहे. व्हँकुव्हरजवळ कपिलानो नदीवर सुमारे 70 मीटर उंचीवर एक झुलता पूल आहे. डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तो पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना एका तरुणीने काही प्रश्न विचारले आणि निकाल जाणून घ्यायचा असल्यास फोन करा, असे सांगून आपला क्रमांक दिला. जवळच्या एका कमी उंचीच्या, भक्कम पुलावरही हेच केले. झुलत्या पुलावर क्रमांक घेतलेल्या 18 जणांपैकी 9 जणांनी फोन केला, भक्कम पुलावरच्या 16 पैकी दोघांनी. संख्या लहान आहे, म्हणून मी त्यावर मोठी इमारत उभी करणार नाही. पण भीतीने वाढलेल्या ठोक्यांना समोरच्या माणसाच्या आकर्षणाचे नाव दिले जाऊ शकते, ही संशोधकांची मांडणी तुमच्या अनुभवाला लागू पडते असे मला वाटते. चार दिवस उत्तर न देणाऱ्या माणसाचा मेसेज आल्यावर होणारी धडधड किती त्याच्या रूपामुळे होती आणि किती, तो पुन्हा गायब होईल या धास्तीमुळे होती, हे तुम्हीच आठवून पाहा. देखणी माणसे बेभरवशाची असतात, असा याचा अर्थ काढू नका. तो अन्याय होईल. पण जो माणूस सांगितलेल्या वेळी येतो, त्याच्याबाबतीत धास्ती वाटत नाही आणि म्हणून धडधडही होत नाही. या शांततेला तुम्ही आकर्षणाचा अभाव म्हणत असाल, तर ते तपासायला हवे.

तर मग करायचे काय? होकार किंवा नकार यांपैकी काहीही आज देऊ नका, पण त्याला ताटकळतही ठेवू नका. ‘विचार करते’ असे म्हणून महिना गेला आहे. तो रोज त्या उत्तराची वाट बघत असेल. येत्या आठवड्यात त्याला भेटा आणि खरे तेवढे सांगा : तुझ्यासोबत असताना मी जितकी निवांत असते तितकी कोणासोबत नसते, प्रेमाची ओढ वाटते की नाही हे मला अजून कळलेले नाही, ते कळावे म्हणून मित्र म्हणून नव्हे तर या दृष्टीने एकमेकांना भेटत राहावे अशी माझी इच्छा आहे, आणि अमुक महिन्यापर्यंत मी तुला स्पष्ट उत्तर देईन. मुदत तुम्हीच ठरवा. दोन-तीन महिने पुरेसे व्हावेत. मुदत असली की त्याची आशा आणि तुमची द्विधा, दोन्ही लांबत जात नाहीत. रूपाविषयी मात्र एक अक्षरही बोलू नका. ते ऐकून त्याच्या हाती काहीच लागणार नाही, आणि तो ते विसरणार नाही.

या काळात गट बरोबर नसताना भेटा. ट्रेकमध्ये दहा जण असतात आणि त्यांच्यात तो सगळ्यांचा मित्र असतो. एखाद्या संध्याकाळी दोघेच बालगंधर्वला नाटक पाहा, त्याच्या शिकवणीच्या वेळी मागे बसून राहा, पर्वतीच्या पायऱ्या चढून या. हात धरावासा वाटला तर धरा, आणि वाटला नाही तर परीक्षा म्हणून धरू नका. प्रत्येक भेटीनंतर घरी येऊन ‘आज काही वाटले का’ असा हिशेबही मांडत बसू नका. विरजण लावलेले भांडे दर अर्ध्या तासाने हलवून पाहिले, तर दही लागत नाही. त्याचे केस, कपडे, वजन सुधारण्याच्या मोहिमेला तर मुळीच हात घालू नका. त्याला स्वतःला व्यायाम करावासा वाटला तर तो करेल. पण ‘हा थोडा बारीक झाला तर मला आवडेल’ या बोलीवर सुरू केलेले नाते त्याच्या मानेवर कायमचा काटा ठेवते.

आईंना एवढेच सांगा की पुढचे दोन-तीन महिने कोणतेही स्थळ बघायचे नाही. कारण विचारतील, ते सांगायचे की नाही ते तुम्ही ठरवा. पण एका मुलाकडे मुदत मागून दुसऱ्याच्या घरच्यांना चहाला बोलावणे, हे त्या दोघांशीही गैर वागणे होईल.

मुदतीच्या शेवटी ओढ वाटली नाही, तर नकार द्या, आणि तो देताना त्याने केलेल्या उपकारांची यादी वाचू नका. तुम्हाला सर्वांत अवघड जाणार आहे ते हेच, असे मला वाटते, कारण औषधांच्या दुकानाबाहेर बसून राहिलेला तो माणूस तुमच्या मनात घर करून आहे आणि त्याचे देणे लागतो अशी भावना तुमच्या पत्रात ठिकठिकाणी दिसते. त्याने डबा आणला तो तुमच्यावर माया आहे म्हणून. त्याची परतफेड लग्नाने होत नसते. उलट, ज्याला आपण मनापासून हवे आहोत अशी जोडीदारीण मिळण्याचा हक्क त्यालाही आहे. त्याच्याकडे बघत राहणारी, त्याचा फोटो दिमाखाने लावणारी मुलगी त्याला भेटू शकते, आणि केवळ कृतज्ञतेपोटी तुम्ही ती जागा अडवून ठेवलीत तर त्याचे नुकसान तुमच्याइतकेच मोठे आहे. ‘तू फार चांगला आहेस, पण’ अशी वाक्ये टाळा. ‘मी प्रामाणिकपणे पाहिले, माझ्या मनात प्रेम निर्माण झाले नाही, म्हणून मी नाही म्हणते आहे’, एवढे पुरे. त्यानंतर काही महिने त्याला फोन करू नका, त्याचा सल्ला मागू नका, अडचणीत त्याला बोलावू नका. नकार देऊन मैत्रीची सारी सुखे मात्र चालू ठेवणे फार जणांकडून होते, आणि त्यात ज्याला नकार मिळाला तोच झिजत राहतो.

ओढ वाटली, तर त्याला तेही तितक्याच स्पष्टपणे सांगा, आणि पुढच्या वेळी रुग्णालयात त्याला वर घेऊन जा. मैत्रिणी काय म्हणतील, जोडा कसा दिसेल, हे प्रश्न तेव्हाही येतील, पण तेव्हा तुमच्याकडे सांगायला स्वतःचे काहीतरी असेल. सुरुवातीला त्याच्याविषयी असे वाटले होते म्हणून मनात टोचणी ठेवू नका. ओढ उशिरा लागली म्हणून ती कमअस्सल ठरत नाही.

आणखी एका शक्यतेची तयारी ठेवा. ‘मला अजून ओढ कळलेली नाही’ हे तुमचे वाक्य ऐकून, अशा चाचपणीत राहायला आपल्याला जमणार नाही, असे तो म्हणू शकतो. तसे म्हणण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. त्या वेळी त्याला थोपवण्यासाठी घाईने होकार देऊ नका आणि रागावूही नका. त्याला विचार करायला दिवस हवे असतील, तर तुम्ही मागितले तितकेच मोकळेपणाने त्याला द्या.